आवाज शोधायला घाटात

गॅरेजमध्ये गाडी गुणी बाळासारखी वागते आणि घाट लागला की कडकडते. १९९७ ची मारुती ८००, नाना पेठेतले मेकॅनिक काका, त्यांचा पोऱ्या, मागच्या सीटवर बाबा आणि एका रविवारात तीन घाट!

पाचगणीला लोक कशाला जातात? टेबल लँडवर फोटो काढायला, स्ट्रॉबेरी विथ क्रीम खायला, नाहीतर ऑफिसच्या वैतागातून दोन दिवस सुटका करून घ्यायला. आम्ही गेलो एक आवाज ऐकायला. तोही असा, की तो ऐकू यावा म्हणून प्रार्थना करायची आणि आला की घाबरायचं.

गाडी बाबांची. मारुती ८००, पांढरी, चार गिअर, कार्ब्युरेटरवाली. आज तिशीच्या आत-बाहेर असलेल्या आपल्या पिढीला या गाडीबद्दल वेगळं काही सांगायला नको. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिल्या मारुतीची चावी दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. मधल्या तीस वर्षांत ७९६ सीसीच्या या तीन सिलिंडरवाल्या डबीने निम्म्या मध्यमवर्गाला ड्रायव्हिंग शिकवलं. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ती आता दोन एसयूव्हींच्या मध्ये उभी असते. त्यांनी तिला शाळेत सोडायला आणलंय असंच वाटतं.

गेले सहा महिने या गाडीतून एक आवाज येत होता. बाटलीत खडे घालून हलवल्यासारखा, कोरडा, धातूचा. कड-कड-कड-कड. पण कधी? तर मर्जी असेल तेव्हा. साताऱ्याला लग्नाला जाताना आला, परत येताना गायब. लोणावळ्याला जाताना आला, पण चांदणी चौकाच्या चढाला अजिबात नाही. रोजच्या कर्वे रोडवर तर कधीच नाही.

घरात यावरून दोन पार्ट्या पडल्या. आई आणि मी म्हणायचो, आवाज आहे. बाबा म्हणायचे, ‘कसला आवाज? गाडी ठणठणीत आहे.’ दादा बंगळुरूहून फोनवर म्हणायचा, ‘स्क्रॅपला द्या ना!’

दादाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पंधरा वर्षांनंतर कारची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आरटीओत फिटनेस दाखवून. वीस वर्षांवरच्या कारसाठी ही फी ऑगस्ट २०२५ पासून १० हजार रुपये झाली. शिवाय पर्यावरण कर. आमच्या गाडीची पुढची तारीख २०२७ ची. त्यात एका गॅरेजने आवाजाची हकिगत नुसती ऐकून निकाल दिला होता, ‘बिग एन्ड बेअरिंग गेलंय. इंजिन खोलावं लागेल.’ अंदाजपत्रक पाच आकडी. म्हणजे गाडीच्या आजच्या किमतीएवढंच. बाबा त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हा कुणीतरी नाना पेठेतल्या काकांचं नाव काढलं.

नाना पेठेतला दवाखाना

पुण्यात गाडीचं काहीही मिळत नसेल तर ते नाना पेठेत मिळतं, हा जुना नियम. क्वार्टर गेटकडून आत शिरलात की बेअरिंग, क्लच प्लेट, हेडलाइट, हॉर्न आणि सीट कव्हरची दुकानं सुरू होतात. माणसं पार्टचं नाव सांगत नाहीत, जुना पार्ट कागदात गुंडाळून आणतात आणि काउंटरवर ठेवतात. पलीकडचा माणूस तो बघतो, माळ्यावरच्या पोऱ्याला एक आकडा ओरडून सांगतो आणि वरून खोका येतो. ऑनलाइन शॉपिंगच्या जमान्यात हे बघायला फार मस्त वाटतं.

काकांचं गॅरेज अशाच एका गल्लीत. गॅरेज म्हणजे काय, एक गाळा आणि समोरचा रस्ता. काकांचं वय बाबांएवढंच. हाताखाली एक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, सगळे त्याला छोट्या म्हणतात, उंची सहा फूट.

काकांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी प्रश्न विचारले. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर येतो? नाही. न्यूट्रलला एक्सलेटर दिल्यावर? नाही. क्लच दाबल्यावर बदलतो? लक्षात नाही आलं. खड्ड्यात? वळणावर? नाही. मग डाॅक्टरसारखे ते बाबांकडे वळले.

‘साहेब, तुम्हाला येतो का आवाज?’

‘मला काहीच येत नाही. या दोघींना येतो.’

मग त्यांनी छोट्याला गाडी चालू करायला सांगितली. बाबांना इंजिनाजवळ उभं करून विचारलं, ‘वरची टॅपेटची टिकटिक येते का?’ बाबांनी कान दिला. नाही म्हणाले. मला तर ती टिकटिक रस्त्यावरूनही येत होती. ‘बरं, आता हे बघा.’ काकांनी एक प्लगची वायर क्षणभर काढली. इंजिन एका पायावर लंगडायला लागलं, सगळी गाडी थरथरली. ‘ही धडधड?’

‘ही येते की!’

‘मग तुमचा आवाज बारीक आहे, जाड नाही,’ काका माझ्याकडे बघून म्हणाले. ‘बेअरिंग जाड ठोकतं, खालून, हातोडीसारखं. तसं असतं तर साहेबांनी तुमच्या आधी ओळखलं असतं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं चालवतायत ते.’

वय वाढतं तसे कान आधी वरच्या पट्टीतले आवाज सोडतात. चिमणी जाते, ट्रक राहतो. इंजिनातलं नॉकिंग सहा हजार हर्ट्झच्या आसपास किंवा त्याच्याही वर वाजतं, बेअरिंगची ठोक त्याच्या कितीतरी खाली. बाबा सहा महिने हट्ट करत नव्हते. त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं. हे त्या गल्लीत, ऑइलच्या डब्यांमध्ये उभं असताना आम्हाला दोघांनाही एकदमच कळलं. कुणीच काही बोललं नाही.

‘माझेही गेलेत,’ काका म्हणाले. ‘म्हणून हा ठेवलाय.’ छोट्या हसला. काकांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. हाडातून आवाज चांगला जातो म्हणे. मग तोच स्क्रू ड्रायव्हर छोट्याच्या हातात दिला. दोघांचंही एकमत झालं, की इथे काही नाही. तिन्ही प्लगच्या वायरी एकेक करून काढून झाल्या, तरी कुठली ठोक कमी-जास्त झाली नाही. ऑइल बरोबर, पाणी बरोबर.

‘गॅरेजात सगळ्या गाड्या शहाण्या असतात. रविवारी घाटात जाऊ. जिथे चोरी होते तिथेच पहारा द्यायचा.’

पहिला घाट : कात्रज

सकाळी सहाला निघालो. मी ड्रायव्हिंगला, बाजूला छोट्या (त्याच्या कानांना मानाची जागा), मागे काका आणि बाबा. काकांच्या मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात पान्हे आणि कसले कसले तुकडे. खिशात छोटी डायरी.

नवा बोगदा न धरता काकांनी मुद्दाम जुना कात्रज घाट घ्यायला लावला. पुणेकरांचा हा लाडका घाट. पायथ्याच्या कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात नळ बांधून शहरात पाणी आणलं होतं. आता तलावाभोवती शहरच येऊन बसलंय. पण एक-दोन वळणं चढलात की मागे वळून बघा. सकाळच्या धुरकट उजेडात सगळं पुणं पसरलेलं दिसतं, आणि त्यात आपली बिल्डिंग शोधण्याचा टाइमपास कुणालाही चुकत नाही.

‘तिसऱ्यात ठेवा. पडू दे स्पीड. चाळीस... पस्तीस... आता दाबा.’

गाडी कण्हली, पण कडकडली नाही. जुन्या बोगद्यापाशी पोचलो तरी नाही. काकांनी डायरीत लिहिलं : कात्रज – नाही.

दुसरा घाट : खंबाटकी

घाट उतरून हायवेला लागलो. खेड शिवापूर, नसरापूर फाटा, किकवी. उजवीकडे डोंगरांची रांग आणि रस्ताभर मिसळ, वडापाव, चहाच्या पाट्या. सारोळ्याला नीरा नदीचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो, सातारा सुरू होतो. बाबा दर वेळी हे सांगतात. याही वेळी सांगितलं.

शिरवळ सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. मारुती ऐंशीला पळवली. ऐंशी म्हणजे या गाडीला भरपूर. खिडक्या वाजायला लागतात, रेडिओ ऐकू येत नाही आणि बाजूने जाणारे आपल्याकडे कौतुकाने बघतात. खंडाळा मागे पडलं (हे साताऱ्याचं खंडाळा, लोणावळ्याजवळचं नव्हे) आणि समोर खंबाटकी उभा राहिला. आम्ही जुन्या घाटाचाच चढ धरला.

दुसरं वळण. चौथा गिअर, स्पीड पंचेचाळीसवर आलेला. आणि...

कड-कड-कड-कड.

‘आला!’ छोट्या आणि मी एकदम ओरडलो. बाबा पुढे वाकले. ‘कुठेय? कुठेय?’

‘पाय काढा,’ काका म्हणाले. एक्सलेटरवरून पाय काढला. आवाज त्याच क्षणी बंद. ‘द्या परत.’ दिला. लगेच चालू. ‘आता तिसरा टाका.’ तिसऱ्यात इंजिन मोकळं झालं, आवाज गेला. टेंपरेचरचा काटा मधेच होता, म्हणजे गाडी तापलेलीही नव्हती.

‘झालं. बेअरिंग नाही. बेअरिंग असतं तर पाय काढल्यावर गप्प बसलं नसतं. हे नॉकिंग आहे.’

थोडं थांबून हे समजून घेऊ, कारण पुढची सगळी मजा यात आहे. पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडं आधी प्लगची ठिणगी पडते. आधी का? तर आग पसरायला वेळ लागतो म्हणून. पिस्टन वरून खाली निघताना तिचा पूर्ण जोर मिळाला पाहिजे. पण ठिणगी फारच आधी पडली, तर पिस्टन अजून वर येतोय आणि स्फोटाचा दाब त्याला खाली ढकलतोय, अशी मारामारी होते. कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं. त्या दणक्याने सिलिंडर वाजतो. तोच हा आवाज. चढावर, वरच्या गिअरमध्ये, इंजिनावर ओझं असताना तो सगळ्यात जास्त येतो. असं महिनोन्महिने चाललं तर पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणजे आवाज बारीक असला तरी दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

घाटमाथ्यावर रुंद जागा बघून थांबलो. बाजूच्या चहाच्या टपरीवाल्याने लगेच निदान केलं, ‘पेट्रोल! ते इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून सगळ्या जुन्या गाड्यांचं असंच.’ काकांनी मान हलवली. इथेनॉलमुळे जुन्या गाड्यांचे रबरी पाइप खराब होतात, कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रणातलं पेट्रोलही कमी पडतं, हे खरं. पण इथेनॉलचा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा जास्त. आणि ऑक्टेन जास्त म्हणजे नॉकिंगला विरोध जास्त. ‘शिवाय कात्रजला काय वेगळं पेट्रोल होतं?’

हा प्रश्न बिनतोड होता. टाकी तीच, इंजिन तेच, ड्रायव्हर तीच. सिलिंडरमध्ये कार्बन साचला म्हणावं, तर तो कात्रजलाही होता.

राहिलं टायमिंग. ठिणगी कधी पडायची हे ठरवणारा डिस्ट्रिब्युटर काकांनी उघडला, आतला रोटर बोटाने फिरवून सोडला. तो टचकन जागेवर आला, जसा यायला हवा तसाच. नाना पेठेतही असाच आला होता. काका थोडे हिरमुसले. डायरीत लिहिलं : खंबाटकी – हो.

तिसरा घाट : पसरणी

सुरूर फाट्याला हायवे सोडला आणि वाईच्या रस्त्याला लागलो. आता घाई नव्हती. ऊस, ट्रॅक्टर, सायकलवरची शाळकरी पोरं. रमतगमत वाईत पोचलो.

वाईला तुम्ही महाबळेश्वरच्या वाटेवरचं नुसतं गाव समजत असाल, तर फार काही चुकवताय. कृष्णेचे दगडी घाट, रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, आणि ज्या गावातून मराठी विश्वकोशाचं काम चाललं ते हेच गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथलेच. तिथून जेमतेम तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागे नदीवरचा देखणा घाट. ‘स्वदेस’मध्ये शाहरुख ज्या गावात येतो, ते चित्रित झालं ते इथे.

गंमत बघा, आमची ट्रिप सुरू झाली ती नाना पेठेतून, आणि ती पेठ याच नानांच्या नावाची. काकांनी आयुष्यभर नानांच्या पेठेत धंदा केला, पण नानांचा वाडा त्यांनी पहिल्यांदा पाहिला. घाटावरच्या छोट्या देवळीत एक मोठी घंटा आहे, वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आलेली. काका घाटावरची बाकी सगळी शोभा सोडून तिच्याखाली जाऊन उभे राहिले. ‘ओतीव काम बघा साहेब, कसलं आहे!’ बाबा आणि ते बराच वेळ तिथे बोलत होते. कशाबद्दल, ते मला ऐकू आलं नाही.

मग पसरणी. शाहीर साबळ्यांचं गाव पायथ्याशी, आणि तिथून पाचगणीपर्यंत रस्ता डोंगराच्या अंगावर नागमोडी चढत जातो. बारा-एक किलोमीटरमध्ये सहज पाचशे मीटरची चढण. खाली कृष्णेचं खोरं उघडत जातं, हिरव्या-पिवळ्या शेतांचे चौकोन, पलीकडे धोमच्या धरणाचं पाणी. तिन्ही घाटांत हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर. इथे तर आवाज येणारच, अशी आमची खात्री.

तिसऱ्यात चढवली. चौथ्यात टाकून पाहिली. ती रडली, थरथरली, बंद पडायला आली. मागून एका इनोव्हाने हॉर्न वाजवून आमचा उद्धार केला. पण कडकड? नाव नाही!

हॅरिसन्स फॉलीजवळ थांबलो. समोर ढगांच्या सावल्या दरीतून सरकत होत्या आणि आम्ही चौघं बॉनेटकडे बघत बसलेलो. काकांनी लिहिलं : पसरणी – नाही. मग डायरी मिटली, परत उघडली.

बोलला तो छोट्या. ‘काका, खंबाटकीच्या आधी आपण ऐंशीने आलो. इथे वाईतनं हळूच आलो. कात्रजला पण घरनं हळूच.’

काकांनी त्याच्याकडे असं बघितलं, की मला वाटलं पोरग्याचा पगार वाढणार.

दोन वजनं आणि एक स्प्रिंग

इंजिन जितकं जोरात फिरतं, तितकी ठिणगी आधी पडावी लागते. मिनिटाला तीन हजार फेऱ्या असतील, तर दहा अंशांचा फरक म्हणजे सेकंदाचा फक्त अठराशेवा भाग. नव्या गाड्यांत हा हिशेब कॉम्प्युटर करतो, आणि आवाज आलाच तर इंजिनावरचा नॉक सेन्सर तो ऐकून टायमिंग स्वतःच मागे घेतो. आमच्या मारुतीत हे काम दोन छोटी लोखंडी वजनं करतात. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात ती बसलेली असतात. वेग वाढला की जत्रेतल्या पाळण्यासारखी बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे ढकलतात. वेग कमी झाला की दोन स्प्रिंगा त्यांना परत ओढतात.

आता समजा, ती बाहेर जाऊन अडकली तर?

काकांनी गाडी न्यूट्रलला चालू केली, हाताने एक्सलेटरची केबल खेचून इंजिन चांगलं जोरात फिरवलं आणि छोट्याला एकदम चावी बंद करायला लावली. झटकन डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. रोटरला बोट लावलं. तो तिरका उभा होता, अर्ध्यातच. बोटाने ढकलल्यावर ‘कट्’ करून जागेवर आला.

‘सापडला!’

तेव्हा सगळं जुळलं. हायवेवर बराच वेळ ऐंशीने पळालं, की वजनं पार बाहेर जायची आणि तिथे गंजाने पडलेल्या खाचेत अडकायची. पुढे चढ आला, वेग उतरला, तरी ठिणगी ऐंशीच्या हिशेबानेच पडत राहायची. म्हणून कडकड. मग धक्क्याने किंवा गाडी बंद करून स्टार्टर मारल्यावर वजनं सुटायची आणि गाडी पुन्हा शहाणी. शहरात एवढा वेळ तसं कुणी पळवतच नाही, म्हणून कर्वे रोडला कधीच नाही. आणि गॅरेजपर्यंत येईतो चोर पळालेला.

काकांनी डिस्ट्रिब्युटरला आणि इंजिनाला एका रेषेत खूण केली, मग तो बाहेर काढून रस्त्याकडेच्या कठड्यावर वर्तमानपत्र पसरून उघडला. एका वजनाची पिन गंजलेली. एक स्प्रिंग ओढून ओढून सैल झालेली. पेट्रोलने धुतलं, पॉलिश पेपरने घासलं, ऑइलचा एक थेंब. पत्र्याच्या डब्यातून दुसऱ्या मारुतीच्या स्प्रिंगांची जोडी निघाली. दोन्ही बदलल्या, कारण एकच बदलली तर ओढ सारखी राहत नाही. खुणेला खूण लावून परत बसवलं. एवढ्यात दोन कुटुंबं आमच्याबरोबर सेल्फी काढून गेली.

स्प्रिंगांचे पैसे काकांनी घेतलेच नाहीत. दिवसाची मजुरी घेतली, ती मात्र चोख.

पुन्हा खंबाटकी

पाचगणीत जेवलो, टेबल लँड लांबूनच पाहिलं आणि परत निघालो. पण तपासायचं होतं ते खंबाटकीलाच. परतीच्या वाटेवर बोगद्यातून पलीकडे उतरलो, शिरवळपर्यंत गेलो, वळलो आणि पुन्हा साताऱ्याच्या दिशेने. या वेळी काका म्हणाले, ‘साहेब, तुम्ही चालवा.’

बाबा ड्रायव्हिंग सीटवर बसले. सीट मागे घेतली, आरसा लावला, शर्टाची बाही दुमडली. ऐंशी. खंडाळा. घाट. दुसरं वळण, चौथा गिअर, स्पीड पंचेचाळीस.

‘येतोय का?’

‘नाही साहेब,’ छोट्या म्हणाला.

पुढच्या वळणाला पुन्हा, ‘आता?’

‘नाही.’

माथ्यावर पोचेपर्यंत बाबांनी चार वेळा विचारलं. चारही वेळा आम्ही तिघांनी कान देऊन ऐकलं आणि नाही म्हणालो. त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला.

सोमवारी नाना पेठेत टायमिंग लाइट लावून काकांनी शेवटची सेटिंग केली. त्यानंतर दोनदा साताऱ्याला जाऊन आलो, आवाज नाही. गुरुवारी बाबा स्वतःहून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. ऑडिओग्रामचा कागद त्यांनी आरटीओच्या कागदांच्याच फाइलमध्ये लावून ठेवलाय. २०२७ ची तारीख त्याच फाइलवर लाल पेनाने लिहिली आहे, आणि त्यापुढे ‘रिन्यू’.

तुमच्या गाडीचाही आवाज येतो? एवढं टिपून ठेवा

• कधी येतो, ते लिहा : थंड की गरम, कुठला गिअर, किती स्पीड, चढ की सपाट. आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं गाडी कशी चालवली होती, तेही.

• एक्सलेटरवरून पाय काढल्यावर लगेच थांबला, खालच्या गिअरमध्ये गेला, तर बहुधा नॉकिंग. टायमिंग, कार्बन, तापणं, मिश्रण आणि पेट्रोल तपासा.

• खालून जाड ठोक, गरम झाल्यावर वाढणारी, आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर गाडी तिथेच बंद करा. टोइंग स्वस्त पडतं.

• थंड असताना येतो आणि गरम झाल्यावर विरतो : टॅपेट किंवा पिस्टन. घाबरू नका, पण दाखवून घ्या.

• क्लच दाबल्यावर बदलतो : क्लचचं बेअरिंग किंवा गिअरबॉक्स. खड्ड्यात किंवा वळणावर येतो : सस्पेन्शन किंवा इंजिनाचं फाउंडेशन.

• चढावर कडकड आली तर वरच्या गिअरमध्ये दामटू नका. एक गिअर खाली घ्या, आवाज जातो आणि पिस्टन वाचतो.

• इंजिन खोलायला सांगितलं, तर आधी मेकॅनिकला बाजूला बसवून तोच रस्ता दाखवा, जिथे आवाज येतो. सोबत तरुण कानाचं कुणीतरी न्या.